पाण्याचा साक्षीदार आणि त्याची निगा

वाचकहो, गेल्या अंकीं या सदरांत विहिरींतील गाळ उपसण्याविषयीं लिहिलें होतें. या अंकीं त्याच विषयाची पुढची पायरी घेतों. विहीर उपसली, तिचें तोंड बांधून काढलें, पाणी आरशासारखें नितळ झालें. आतां तें पिण्यास योग्य आहे हें कशावरून ओळखावयाचें?

पाण्याची शुद्धता हा आपल्या घरांतून फार जुना विषय आहे. पाणी वस्त्रानें गाळून प्यावें असें स्मृतिकारांनीं सांगून ठेविलें, आणि घरांतील वडील बायकांनीं रोज हंडा घासून व गाळणें धुऊन तो नियम पिढ्यान् पिढ्या चालविला. परंतु वस्त्रांत अडकते ती डोळ्यांना दिसणारी घाण. जी पाण्यांत विरघळून गेली आहे तिला वस्त्र काय करणार? आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ तर्काचा नाहीं.

जिल्ह्याचा बराच मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. पण आग्नेयेस वणी, मारेगांव, झरी-जामणी या बाजूस गेलें म्हणजे भूगर्भ बदलतो. कोठें चुनखडी लागते, कोठें कोळशाचे थर लागतात. या बाजूच्या व शेजारच्या केळापूर तालुक्यांतील कित्येक विहिरींच्या आणि बोअरांच्या पाण्यांत फ्लोराइड प्रमाणाबाहेर उतरलेलें आढळतें. पांढरकवड्याच्या परिसरांतील या दोषाविषयीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत २००७ सालीं शास्त्रीय लेखहि प्रसिद्ध झाला आहे. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या एक लिटर पाण्यांत फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावें, आणि दुसरी सोयच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावें. त्यापुढें तें अपायकारक होतें. मुलांचे कायमचे दांत हिरडीच्या आंत घडत असतांना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, असें पाणी पोटांत गेलें तर दांतांवर खडूसारखे पांढरे अथवा तपकिरी पट्टे उठतात आणि ते आपोआप कधींच जात नाहींत. वर्षानुवर्षें तेंच पाणी प्याल्यास सांधे आंखडतात व पाठीचा कणा ताठतो. मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत या विकाराचें वर्णन १९३७ सालींच झालें होतें; म्हणजे हा शत्रु नवा नव्हे. परंतु त्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. पाणी उकळल्यानें तो जात नाहीं. उलट वाफ उडून पाणी आटतें आणि क्षार होता तेवढाच राहतो.

नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार साधनें मानलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. जी गोष्ट आपल्या इंद्रियांना कळत नाहीं ती जाणत्या व सत्यवक्त्या माणसाच्या तोंडून ऐकावी लागते. अशा माणसास ते ‘आप्त’ म्हणतात. पाण्यांतील अदृश्य दोषांविषयीं आपणांस आप्ताच्याच शब्दावर विसंबावें लागतें, आणि आजच्या काळीं हा आप्त बहुधा एखादें यंत्र असतें. आप्ताचीं लक्षणें दोन: त्याला ठाऊक असलें पाहिजे, आणि त्यानें खरें सांगितलें पाहिजे. यंत्राच्या ठिकाणीं हीं लक्षणें कारखान्यांतून कायमचीं येत नाहींत. कोणी तरी वारंवार जागेवर जाऊन तीं टिकवावीं लागतात. आजचें लिखाण या टिकविण्याविषयीं आहे.

प्रथम हें यंत्र असतें तरी कसें तें पाहूं. नदीकाठीं अथवा जलाशयांत बसविण्याच्या यंत्राची मुख्य वस्तु म्हणजे हातभर लांबीची एक जाड नळी. तिच्या टोकाशीं चार-सहा सेन्सर असतात. एक पाण्याची आम्लता, म्हणजे पीएच, मोजतो, दुसरा पाण्यांत विरलेला प्राणवायु, तिसरा विद्युद्वाहकता, जिच्यावरून एकंदर क्षारांचा अंदाज येतो, चौथा गढूळपणा, आणि पांचवा तपमान. काठावरच्या खांबावर एक पेटी असते. तींत बॅटरी, आकडे सांठविणारें यंत्र आणि मोबाइलचें सिमकार्ड, व वर सूर्यप्रकाशावर चालणारें सोलर पॅनेल. दर पंधरा मिनिटांनीं किंवा तासांनीं यंत्र आकडे टिपतें आणि शेंकडों कोस दूरच्या कचेरींत पाठवितें. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें गंगेच्या कांठीं अशीं केंद्रें बसविलीं आहेत. महाराष्ट्रांत १९९५ सालीं सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पांत भूजलाच्या निरीक्षण-विहिरींवर पातळी आपोआप टिपणारीं यंत्रें आलीं; २०१६ पासूनच्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पानें हें काम पुढें नेलें. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं घोषित झालेल्या जलजीवन मिशनमुळें तर गांवोगांवच्या नळयोजनांच्या पाण्याची परीक्षा हा रोजच्या बोलण्याचा विषय झाला.

येथें एक सूचना आधींच करून ठेवितों. नदींतील अथवा विहिरींतील असें यंत्र सामान्यतः फ्लोराइड मोजीत नाहीं. फ्लोराइड ओळखणारा विद्युद्ग्र १९६६ सालीं अमेरिकेंत फ्रँट व रॉस या दोघां शास्त्रज्ञांनीं सिद्ध केला. त्यांत लँथॅनम फ्लोराइडाचा स्फटिक असतो. पण त्यानें नीट मोजावयाचें तर नमुन्यांत एक विशिष्ट द्रावण मिसळावें लागतें, म्हणून तें काम बहुधा प्रयोगशाळेंतच होतें. तेव्हां खांबावरचा हिरवा दिवा लुकलुकतो म्हणून पाणी निर्दोष, असें कोणीं समजूं नये. ज्या गोष्टीविषयीं साक्षीदाराला विचारलेंच नाहीं, तिच्याविषयीं त्याच्या मौनाचा अर्थ ‘दोष नाहीं’ असा होत नाहीं.

आतां या साक्षीदाराचे शत्रु पाहूं. आपल्याकडे ते ऋतूप्रमाणें पाळी लावून येतात. जून उजाडला कीं काळ्या जमिनीचा गाळ नदीनाल्यांतून वाहूं लागतो. पैनगंगा, अडाण, अरुणावती, निर्गुडा यांचें पहिल्या पुराचें पाणी ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना तें वर्णन करून सांगावयास नको. हा गाळ नळीच्या जाळींत बसतो, आणि पूर ओसरल्यावर संपूर्ण नळी चिखलांत पुरलेली सांपडते. तेव्हां ती नदी मोजीत नसून चिखल मोजीत असते. पावसाळ्याच्या तोंडीं विजा पडतात. जमिनींत उतरविलेली तार तुटकी असेल तर एका क्षणांत आंतील सर्व मंडलें जळतात. आश्विनांत पाणी निवळतें आणि ऊन थेट आंत पोहोंचतें. मग सेन्सरांवर हिरवा बुळबुळीत थर चढूं लागतो. हा थर जिवंत असतो. दिवसा तो प्राणवायु सोडतो व रात्रीं घेतो. म्हणून यंत्र जो प्राणवायु दाखवितें तो नदीचा नसून स्वतःच्या अंगावरील शेवाळाचा असतो. उन्हाळ्यांत ४५ अंशांच्या घरांत उष्मा गेला कीं लोखंडी पेटी भट्टीसारखी तापते व बॅटरीचें आयुष्य घटतें. नदीचें पात्र आटून डोह उरतात. नळी हवेंत लोंबकळते, पीएचच्या कांचेचा फुगा कोरडा पडतो, आणि यंत्र मात्र इमानें-इतबारें निरर्थक आकडे पाठवीत राहतें.

याशिवाय बारमाही शत्रु आहेतच. पेटींत मुंग्या वारूळ करतात, गांधीलमाशा पोळें बांधतात, पाल तारांवर बसते, उंदीर त्या कुरतडतात. म्हैस खांबाला अंग घासते. सोलर पॅनेल व बॅटरी चोरीस जातात. पॅनेलवर धूळ व पक्ष्यांची विष्ठा सांचून वीज कमी होते. यांतील एकहि संकट मोठें नाहीं. चिंधी, मऊ ब्रश, मुंग्यांची पूड, ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे आणि दर पंधरवड्याची एक फेरी यांनीं निम्म्याहून अधिक आवरतात. पण ती फेरी झाली पाहिजे.

फेरीस गेलेल्या माणसानें काय करावें याचा एक क्रम आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानें तो लिहून ठेविला आहे, आणि त्यांतील तर्क इतका स्वच्छ आहे कीं गणित शिकविणाऱ्याला तो आवडल्यावांचून राहणार नाहीं. नवशिका माणूस जातांच नळी बाहेर ओढून पुसावयास लागतो. तसें करूं नये. आधीं मळलेल्या स्थितींतच यंत्र काय दाखवितें तें लिहावें. आणि त्याच वेळीं, शेजारीं, सोबत आणलेल्या तपासलेल्या हातयंत्रानें पाणी मोजावें. मग नळी काढून स्वच्छ करावी आणि पुन्हां पाण्यांत सोडून आकडा लिहावा. दोन आकड्यांतला फरक, मधल्या वेळांत नदी बदलली असेल तर तेवढा वजा करून, हा मळाचा दोष. नंतर नळी ठराविक प्रमाणाच्या द्रावणांत बुडवावी. पीएचसाठीं ४, ७ व १० असे तीन अंक असलेलीं द्रावणें मिळतात; वाहकतेसाठीं पोटॅशियम क्लोराइडचें द्रावण, ज्याचा अंक २५ अंशांवर १४१३ असतो. द्रावणाचा खरा अंक व यंत्रानें सांगितलेला अंक यांतला फरक हा यंत्राच्या स्वतःच्या ढळण्याचा दोष. असे दोन्ही दोष वेगळे लिहिले म्हणजे मागच्या फेरीपासूनच्या आंकड्यांत किती भर घालावी वा किती उणें करावें हें ठरवितां येतें. पुसल्यावरच पहिला आकडा लिहिला तर मागच्या पंधरा दिवसांचा पुरावा आपणच पुसून टाकतों.

प्रमाणाच्या द्रावणाविषयीं कांहीं सोंवळें पाळावें लागतें. वापरलेलें द्रावण पुन्हां बाटलींत ओतूं नये. बाटलीवरील मुदत पाहावी. द्रावण आणि नदी यांचें तपमान जुळेपर्यंत थांबावें. तापलेल्या गाडींत ठेवलेली बाटली तशीच उघडूं नये. पीएचच्या कांचेचा फुगा कोरड्या फडक्यानें खसखसा पुसूं नये, आणि शुद्ध केलेल्या पाण्यांत बुडवून ठेवूं नये. त्याला पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणांत ओलसर ठेवावें. निरोगी विद्युद्ग्र २५ अंशांवर पीएचच्या एका पायरीस सुमारे ५९ मिलिव्होल्ट फरक दाखवितो. हा फरक वर्षागणिक कमी होत चालला म्हणजे तो म्हातारा झाला असें समजून बदलावा. तपमानाचा सेन्सर सर्वांत स्वस्त म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतें, पण इतर मोजण्या त्याच्यावर अवलंबून आहेत. २५ अंशांच्या स्वच्छ पाण्यांत हवेंतील प्राणवायु लिटरमागें सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांवर सुमारे ७ च. तपमान चुकलें कीं प्राणवायूचा हिशेबहि चुकला.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? आकडा थोडा इकडे-तिकडे झाला तर काय बिघडलें? बंद पडलेलें घड्याळ फार अपाय करीत नाहीं, कारण तें बंद आहे हें दिसतें. पण वीस मिनिटें मागें चालणारें घड्याळ ठोके देत असतें, घरचीं माणसें त्यावर विश्वास ठेवून निघतात, आणि गाडी चुकते. पाण्याच्या बाबतींत चुकते ती गाडी नव्हे.

कॅनडांतील ऑंटॅरिओ प्रांतांत वॉकर्टन नांवाचें सुमारे पांच हजार वस्तीचें गांव आहे. मे २००० मध्यें तेथें जोराचा पाऊस झाला आणि शेजारच्या शेतांतील शेणखताचा अंश गांवच्या पांच क्रमांकाच्या विहिरींत उतरला. पाण्यांत क्लोरीन पुरेसें नव्हतें. सुमारे २३०० माणसें आजारी पडलीं व सात दगावलीं. पुढें न्यायमूर्ति ओकॉनर यांच्या चौकशींत उघडकीस आलें तें असें कीं पाणीखात्याचे चालक कित्येक वर्षें क्लोरीन रोज मोजीत नव्हते. न मोजतांच वहींत आकडे भरीत होते. सतत मोजणारें यंत्र त्या विहिरीवर बसविलेंच नव्हतें. तें असतें तर हा अनर्थ टळला असता, असाहि निष्कर्ष निघाला. म्हणजे यंत्र हवेंच. परंतु यंत्राची वही लिहिणारा माणूस खोटा निघाला तर यंत्रहि त्याच्याबरोबर खोटें होतें. ज्या वहींत प्रत्येक फेरीस सारख्याच शाईनें सारखाच आकडा आढळतो, ती वही पाहणाऱ्यानें थांबून दुसऱ्यांदा पाहावी.

दुसरा दाखला आपल्या महाराष्ट्रांतील आहे. खेड्यांत हापशा बसविण्याचें काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालें तेव्हां, १९७० नंतरच्या दशकाच्या पहिल्या वर्षांत, पाहणी करतां असें दिसलें कीं बसविलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक हापशा बंद पडल्या आहेत. ओतीव लोखंडाची ती घरगुती धाटणीची हापशी सगळ्या गांवाच्या रोजच्या वापरास टिकत नसे. सोलापूर येथें बनविलेल्या मजबूत हापशीच्या नमुन्यावरून मग ‘इंडिया मार्क दोन’ ही हापशी निघाली. आणि पुढच्या ‘मार्क तीन’ मध्यें विहिरींतील सगळे नळ न काढतां आंतील दट्ट्या वर घेतां येईल अशी योजना झाली, म्हणजे गांवच्याच माणसाला ती दुरुस्त करतां यावी. यांतील बोध पाण्याच्या यंत्रांनाहि लागू आहे. बसविण्याचा समारंभ एक दिवसाचा, दुरुस्ती रोजची. ज्या यंत्राचा सुटा भाग नागपुरांत मिळत नाहीं व ज्याची पेटी उघडण्यास परदेशी किल्ली लागते, तें कितीहि नामांकित असलें तरी झरी-जामणीच्या नाल्यांत फार दिवस खरें बोलणार नाहीं. खरेदीस पैसा मंजूर होतो, उद्घाटनाचें छायाचित्र निघतें. द्रावणाच्या बाटल्या, नवा विद्युद्ग्र आणि फेरीस जाणाऱ्याचें पेट्रोल यांची तरतूद मात्र तीन वर्षांनीं संपते. हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याचा दोष कोणा एकाच्या माथीं मारण्यांत अर्थ नाहीं. परंतु तो ठाऊक असून गप्प बसणें हाहि दोषच.

मग आपल्यासारख्या कुटुंबांनीं काय करावें? आपल्यांतील पुष्कळांचे वाडे व शेती अद्याप खेड्यांत आहेत. आपण शहरांत गाळण-यंत्रांतून पाणी पितों. पण गांवच्या घरीं वृद्ध आईवडील आहेत, आणि वाटेकऱ्याचीं, गड्यांचीं, शेजाऱ्यांचीं मुलें त्याच विहिरीवर वाढत आहेत. ग्रामसभेंत शिकलेल्या माणसानें उठून चार प्रश्न विचारले तर त्याचा उपयोग होतो. पहिला: आपल्या पाण्याचें यंत्र नेमकें काय मोजतें, आणि काय मोजीत नाहीं? दुसरा: तें शेवटचें केव्हां स्वच्छ केलें व प्रमाण-द्रावणांत केव्हां पडताळलें? तिसरा: त्याची वही कोठें आहे, आणि ती कोणासहि पाहतां येते काय? चौथा: फ्लोराइडासाठीं प्रयोगशाळेंत नमुना वर्षांतून एकदां तरी गेला काय, आणि त्याचा अंक किती आला?

या प्रश्नांना जागा आपल्या व्यवस्थेंत आहे. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीनें नेमलेला जलसुरक्षक असतो. तो पाण्यांत टीसीएल पूड मिसळतो, ओटी-परीक्षेनें पिवळा रंग पाहून क्लोरीन उरलें आहे कीं नाहीं तें तपासतो व नमुने पाठवितो. वर्षांतून दोनदां पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीस लाल, पिवळें वा हिरवें कार्ड मिळतें. जलजीवन मिशनमध्यें गांवांतील पांच स्त्रियांना पेटींतील साहित्यानें पाणी तपासण्याचें शिक्षण देण्याची योजना आहे. हातपेटीची परीक्षा प्रयोगशाळेइतकी सूक्ष्म नसते; पण शंका उत्पन्न करण्यास ती पुरते, आणि शंकेनंतर प्रयोगशाळा आहेच. घरांतील एखाद्या सुनेनें वा लेकीनें हें काम अंगावर घेतलें तर तिची त्या दिवसाची चूल दुसऱ्या कोणीं सांभाळावी. एकत्र कुटुंबाचा एवढा तरी लाभ असावा.

आणि शेवटीं त्या फेरीस येणाऱ्या तरुणाविषयीं. पाठीवर बाटल्यांची पिशवी घेऊन तो मे महिन्यांत मोटारसायकलीवर येतो, नाल्यांत गुडघाभर चिखलांत उतरतो, आणि त्याचें नांव कोणास ठाऊक नसतें. तो आला तर त्याला सावलींत बसवावें, पाणी द्यावें, आणि आज काय आकडा आला असें विचारावें. विचारणारा कोणी आहे हें कळलें म्हणजे वही खरी लिहिली जाते. मास्तरकीच्या नोकरींत मुलांच्या वह्या तपासतांना मला हें पुष्कळदां दिसून आलें आहे. घरच्या लहान मुलांनाहि त्याच्याजवळ उभें राहूं द्यावें. पीएच ही मोजणी १९०९ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत सोरेन्सेन यांनीं प्रचारांत आणली हें पुस्तकांतून पाठ करण्यापेक्षां, आपल्या नाल्याचा अंक पाहून तें विज्ञान मुलांच्या अधिक ध्यानांत राहील.

ज्या घरांत मुलांच्या दांतांवर खडूसारखे पट्टे दिसत असतील त्यांनीं या लेखाची पुढील बाजू वाचण्यासाठीं थांबूं नये. याच आठवड्यांत विहिरीचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेंत पाठवावा आणि मुलें दांतांच्या वैद्यांना दाखवावीं. पाण्यांतील फ्लोराइड घरीं व गांवीं कसें कमी करतां येतें, तुरटी व चुना यांची नलगोंडा पद्धत कोठें उपयोगी पडते आणि कोठें पडत नाहीं, हें पुढील अंकीं पाहूं.